म्हणे, बोलून काय होतं!

समुपदेशनाचा विषय निघाला की आमच्या वणीत एक विनोद हमखास होतो. "नवरा-बायकोचं पटंना म्हणून डॉक्टर, मग भावाभावांचं पटंना म्हणून काय ऑपरेशन करायचं?" बसलेले हसतात, सांगणारा चहा संपवतो आणि विषय मिटतो. विनोदाला माझी हरकत नाही. त्याच्या मागे जी खात्री उभी असते तिला आहे. कारण अशा बैठकीत हसणाऱ्यांपैकी एखादा तरी असा असतो की त्याचं सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षं बोलणं नाही. बांधावर समोरासमोर आले तरी दोघं माना फिरवतात. एकाच विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या तिसऱ्याच्या तोंडून एकमेकांना कळवतात. आणि हाच माणूस सांगतो की आपल्याकडे असल्या गोष्टींची गरज नाही.

या मंडळींचं म्हणणं आधी त्यांच्याच शब्दांत मांडतो, म्हणजे विपर्यास केल्याची तक्रार नको. "हे पुण्या-मुंबईचं खूळ आहे. तिकडं शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही, म्हणून ऐकायलासुद्धा पैसे देऊन माणूस लावावा लागतो. आपल्याकडं चार माणसं आहेत, मामा-मावश्या आहेत, सगळ्यांच्या वर गडावरची सप्तशृंगी आई आहे. घरातलं घरात राहावं. परक्याला आपल्या घरातलं काय कळणार? तो आणखी फूट पाडायचा. आणि पन्नाशीच्या माणसाला कोण काय शिकवणार? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. नुसतं बोलून काय होतं?"

ऐकायला हे फार भारदस्त वाटतं. आता एकेक बघू.

चार माणसांपासून सुरुवात करतो, कारण सगळा भार त्यांच्यावरच आहे. ही चार माणसं कोण? मुलाचा चुलता, मुलीचा मामा, गावातला एखादा पुढारी आणि दोन्हीकडची ओळख असलेला एखादा व्यापारी. बैठक ओट्यावर होते. जिच्या संसाराचा प्रश्न आहे ती बाई स्वयंपाकघराच्या दाराआड उभी असते आणि मधूनमधून चहा पाठवते. तिला काय वाटतं हे तिच्या वतीने तिचा मामा सांगतो. नवऱ्याला काय वाटतं हे कुणी विचारत नाही, कारण पुरुषाला काही वाटत असतं हेच बैठकीला मान्य नसतं. दोन तासांनी निकाल लागतो. "तू जरा हात आवर, अन् तू जरा सांभाळून घे." याला समुपदेशन म्हणायचं? हा निवाडा झाला, आणि तोसुद्धा बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने झुकलेला. त्या चारांतल्या प्रत्येकाचा या घराशी काही ना काही संबंध गुंतलेला असतो: कुणाची उसनवारी, कुणाची सोयरीक, कुणाचं पुढच्या निवडणुकीतलं मत. अशा माणसासमोर कोण मनातलं बोलेल?

सरकारनेही हाच मार्ग एकदा मोठ्या प्रमाणावर चोखाळला. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगाव समित्या झाल्या, तंटे मिटवणाऱ्या गावांना बक्षिसं मिळाली, बांधाचे आणि वाटणीचे अनेक वाद कोर्टात जायचे वाचले. मोहिमेचं ते श्रेय मी नाकारत नाही. पण तंटा मिटणं आणि नातं सुधारणं या दोन गोष्टी एक आहेत का? कागदावर सह्या होतात, वाटणीपत्र होतं, मोजणी होते. त्यानंतर दिवाळीला धाकटा भाऊ थोरल्याच्या घरी जातो का? ते समितीच्या नोंदवहीत कुठल्या रकान्यात लिहितात?

आता "घरातलं घरात". हे म्हणणारी माणसं गावातच राहतात ना? सकाळी ओट्यावर बोललेलं दुपारपर्यंत आठवडे बाजारात भाजीच्या जुडीबरोबर वाटलं जातं, हे त्यांना मी सांगायला हवं का? गावात काहीच गुप्त राहत नाही असं एकच ठिकाण आहे आणि ते म्हणजे चार माणसांची बैठक. उलट, शिकलेल्या समुपदेशकाच्या धंद्याचा पहिला नियमच हा की खोलीतलं खोलीबाहेर जायचं नाही. मानसिक उपचार घेणाऱ्याच्या माहितीची गोपनीयता हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. चुलत्याला असा कुठला कायदा लागू आहे?

"परक्याला काय कळणार?" अहो, परका असणं हाच तर त्याचा उपयोग. त्याला तुमची जमीन नको, तुमच्या पोरीचं स्थळ नको, तुमचं मत नको.

मग कुणी हळूच म्हणतं, पूर्वी कुठे होतं हे सगळं? आमच्या आज्या-पणज्या काय रडत बसल्या होत्या? होय, बसल्या होत्या. पहाटे जात्यावर. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सासुरवास, माहेरची ओढ, नवऱ्याचा अबोला, सवतीचं दुःख, सगळं त्यात आहे. कौतुक जरूर करा, मीही करतो. पण या ओव्यांवर भाषणं ठोकणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं की त्या बायका दगडाशी बोलत होत्या, कारण घरात ऐकणारं माणूस नव्हतं. ओवीने मन हलकं झालं असेल, सासुरवास हलका झाला नाही. घराघरात पिठाची गिरणी पोचली तेव्हा तो दगडही गेला. त्याच्या जागी आपण काय दिलं? संध्याकाळची मालिका.

आणि गडावरची आई. या वाक्यापुढे वणीत कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. चैत्रात खानदेशातून पायी येणारी माणसं मी लहानपणापासून बघत आलोय. पायाला फोड आलेले असतात आणि चेहरा मोकळा झालेला असतो. सप्तशृंगीपुढे मनातलं सांगून माणसाला बळ येतं यात मला शंका नाही. देवी सगळं ऐकून घेते. पण ती उलटा प्रश्न विचारत नाही. "तू म्हणतोस मुलगा उर्मट झालाय, पण त्याच्याशी शेवटचं नीट कधी बोललास?" हे ती विचारणार नाही. गड उतरून नांदुरीला आलं की मुलगा तोच असतो, बापही तोच असतो. श्रद्धा सोडा असं कुठलाही समुपदेशक सांगत नाही. गडावर जाऊन या, आणि त्याच्याकडेही जा. दोन्हीत भांडण लावलंय ते तुम्हीच.

"बोलून काय होतं?" हा प्रश्न विचारणाऱ्यांना मुळात त्या खोलीत काय चालतं ते माहीत नसतं. त्यांना वाटतं तिथे बसून रडगाणं गायचं आणि समोरचा मान डोलावत घड्याळ बघणार. म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

समजा, आपल्याच तालुक्यातलं एक द्राक्षबागायतदार घर आहे. बाप साठीचा, मुलगा तिशीचा. मुलाला जुनी बाग काढून नवा वाण लावायचाय, कर्ज काढायचंय. प्रत्येक वेळी बोलणं "तुला काय कळतं" इथे येऊन थांबतं, मुलगा मोटारसायकल काढून निघून जातो, आई दोघांची ताटं झाकून ठेवते. चार माणसं यावर काय तोडगा काढतील? निम्मी बाग तू बघ, निम्मी तू. समुपदेशक बागेबद्दल बोलतच नाही. तो बापाला विचारतो, मुलगा नव्या वाणाचं नाव काढतो त्या क्षणी तुमच्या मनात पहिलं काय येतं? बाप बराच वेळ गप्प बसतो. मग म्हणतो, "माझं सगळं चुकलं असं तो म्हणतोय, असं वाटतं." मुलाला विचारलं तर तो म्हणतो, "मी काहीही केलं तरी यांच्या लेखी नालायकच." भांडण वाणावरून चाललंय, दुखणं दोघांचं भलतीकडेच आहे. आणि गंमत म्हणजे एकाने दुसऱ्याबद्दल जे गृहीत धरलंय ते दुसऱ्याने कधी म्हटलेलंच नाही.

यात जादू नाही, पद्धत आहे. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विचारसरणीचा गाभा हाच: घटना माणसाला जितकी पेटवत नाही तितका त्या घटनेबद्दलचा त्याचा समज पेटवतो, आणि समज तपासता येतो, बदलता येतो. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ही विचारसरणी आत्मसात केली आणि मराठीत आणली. म्हणजे मराठी माणसाला हे सगळं परकं आहे ही तक्रारसुद्धा जुनी आणि चुकीची.

नवरा-बायकोंत तर एक चक्र इतकं ठरलेलं असतं की ते ऐकून बहुतेकांना आपल्याच घरात कुणी डोकावलं की काय असं वाटेल. ती मागे लागते, तो गप्प होतो. तो गप्प होतो म्हणून ती आणखी मागे लागते. ती मागे लागते म्हणून तो घराबाहेर पारावर जाऊन बसतो. तिच्या मते सुरुवात त्याच्या गप्प बसण्याने झाली, त्याच्या मते तिच्या टोचण्याने. दोघंही खरं बोलतात. चक्राला सुरुवात नसते हे आतून फिरणाऱ्याला दिसत नाही, बाहेर उभ्या असलेल्याला दिसतं. जॉन गॉटमन या अमेरिकी संशोधकाने जोडप्यांची भांडणं अनेक वर्षं टिपून ठेवली. त्याच्या मते जोडप्यांच्या वादांपैकी जवळपास ६९ टक्के कायमचे कधी सुटतच नाहीत. टिकणाऱ्या जोडप्यांतही नाहीत. फरक पडतो तो त्या वादाबद्दल कसं बोललं जातं याने. आणि आपण काय करतो? वाद सुटत नाही म्हणून बोलणंच बंद करतो, आणि त्या शांततेला संसार सुखाचा चाललाय असं म्हणतो.

राहिलं ते पुण्या-मुंबईचं खूळ. या मुद्द्यावर मला खरोखर चीड येते, कारण तो अज्ञानावर उभा आहे आणि वर त्याचा अभिमान आहे. संगत ही संस्था १९९६ पासून गोव्यात काम करते. तिने काय केलं? मानसोपचाराची पदवी नसलेली, तिथलीच साधी माणसं घेतली, त्यांना शिकवलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. कोकणी, मराठी, हिंदी, रुग्णाला जी येईल ती भाषा. तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर दहा आरोग्य केंद्रांत चाचणी झाली. सहा ते आठ भेटी, त्याही अर्ध्या-पाऊण तासाच्या. तीन महिन्यांनी, ज्यांना या भेटी मिळाल्या त्यांच्यातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना फक्त नेहमीची, थोडी सुधारलेली सेवा मिळाली त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. हे २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातली दुसरीच गोष्ट मोठी आहे. या भेटी मिळालेल्या बायकांमध्ये नवऱ्याकडून होणाऱ्या मारहाणीचं प्रमाणही दुसऱ्या गटाच्या जवळपास निम्मं आढळलं. बोलून काय होतं म्हणे! दारू पिणाऱ्या पुरुषांसाठी याच संस्थेने केलेल्या चाचणीत यश एवढं मोठं नव्हतं, हेही सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी ते शोधून माझ्यापुढे नाचवेल. पण यश होतं.

गोवा लांब वाटत असेल तर अमरावती घ्या. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भात याच धर्तीवर तीस गावांत काम झालं. गावातलीच शिकवलेली माणसं, आरोग्यसेवक, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ. नैराश्य असलेल्यांपैकी मदत मागणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. ही माणसं कोरेगाव पार्कात राहत नव्हती. कपाशी आणि सोयाबीन पिकवत होती. मदत हाताशी आली तेव्हा त्यांनी ती घेतली, "आपल्याला काय गरज" म्हणत बसली नाहीत.

आणि आज्यांचाच आग्रह असेल तर झिम्बाब्वेत हरारेला जा. डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञाने २००६ मध्ये तिथल्या आज्यांनाच हाताशी धरलं. दवाखान्याच्या आवारात बाकं टाकली, त्यावर आजी आणि समोर दुखावलेला माणूस. मात्र त्या आज्यांना आधी रीतसर शिकवलं, काय विचारायचं ते ठरवून दिलं, त्यांच्या कामावर देखरेख ठेवली. आपल्याकडच्या आज्यांना "नांदून दाखव" यापलीकडे काय शिकवलंय आपण?

आता जित्याची खोड. ही म्हण उच्चारताना माणसाच्या चेहऱ्यावर एक समाधान असतं, कारण तिच्याइतकी सोयीची म्हण दुसरी नाही. नवऱ्याचा राग? खोड. बापाचा हेका? खोड. सासूचं तोंड? खोडच. एकदा खोड म्हटलं की कुणालाच काही करायला नको. पण वस्तुस्थिती काय आहे? अमेरिकेतल्या ब्रेंट रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये २०७ अभ्यास एकत्र करून तपासले. उपचाराने माणसाचा स्वभाव बदलतो का, एवढाच प्रश्न. उत्तर आलं, बदलतो. सर्वांत जास्त बदलते ती भावनिक अस्थिरता, म्हणजे चिडणं, धास्तावणं, मनाला लावून घेणं. नात्यांत आग लावणारी नेमकी हीच खोड ना? आणि या उपचारांचा सरासरी काळ होता २४ आठवडे. द्राक्षाच्या खरडछाटणीपासून गोड्या छाटणीपर्यंत आपण साधारण तेवढंच थांबतो.

दूर कशाला, पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने उभं केलेलं. तिथे प्रौढ, पक्की खोड लागलेली माणसंच येतात. बोलणं, गटात बसणं, पुन्हा बोलणं, हाच तिथला मोठा उपचार. आणि त्यांच्या बायकांसाठी सहचरी नावाचा वेगळा गट आहे. "तो येणारच नाही, मग मी एकटी जाऊन काय उपयोग?" असं विचारणाऱ्यांनी या गटाचा विचार करावा. नवरा पितो की नाही हे बायकोच्या हातात नसतं. त्याच्या पिण्याभोवती तिने किती फिरायचं, काय लपवायचं, कुठे थांबायचं, हे तिच्या हातात असतं, आणि तेही शिकावं लागतं. दोघांच्या नाचात एकाने पाऊल बदललं की दुसऱ्याचा ताल चुकतोच.

"घटस्फोट वाढतात" हा आणखी एक ठेवणीतला बाण. अँड्र्यू ख्रिस्टेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचार घेतलेल्या १३४ जोडप्यांना पाच वर्षं पाठपुरावा करून तपासलं. ही साधी कुरबुरीची जोडपी नव्हती, दीर्घकाळ तीव्र तणावात असलेली होती. पाच वर्षांनी जवळपास निम्म्या जोडप्यांच्या संसारात लक्षणीय सुधारणा टिकून होती, पाव जोडपी वेगळी झाली होती. पाव म्हणजे अपयश, असं म्हणायचं असेल तर म्हणा. पण उपचाराशिवाय ही जोडपी कुठे गेली असती? आपल्याकडे घटस्फोट कमी आहेत याचा अभिमान बाळगताना विहिरींचाही हिशेब कधीतरी मांडा.

पैशांचा मुद्दा फार लांबवत नाही. द्राक्षावर डाऊनी दिसला की याच वणी-दिंडोरीतला शेतकरी एकराच्या हिशेबाने पैसे मोजून सल्लागार बोलावतो, तो सांगेल ती फवारणी करतो. "आमचा आजा सल्लागाराशिवाय बाग करत होता" असं तेव्हा कुणी म्हणत नाही. वेलीचं दुखणं बाहेरच्या शिकलेल्या माणसाला कळतं आणि माणसाचं मात्र चुलत्याला कळतं, हे कुठलं शास्त्र?

एक गोष्ट मान्य करतो, त्याहून जास्त नाही. या धंद्यात भोंदूही आहेत. दोन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून पाटी लावणारे आहेत, पत्रिका आणि समुपदेशन एकाच टेबलावर विकणारे आहेत. शिक्षण काय, अनुभव काय, कुणाच्या देखरेखीखाली काम करता, हे विचारूनच आत जावं. आणि जिथे हात उचलला जातो, जिवाची भीती आहे, तिथे जोडप्याला समोरासमोर बसवून "दोघांनी थोडं थोडं" करणं हा गुन्हाच. तिथे आधी बाईची सुरक्षितता, कायदा, पोलीस. टाटा समाज विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला तो याच जाणिवेने, आणि पुढे तो राज्यभर पसरला. पण भोंदू वैद्य आहेत म्हणून कुणी दवाखाने बंद करा म्हणत नाही. शिकलेल्या माणसांची मागणी करतो. इथेच फक्त आपण उलटं का वागतो?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने सांगितलं की देशात मानसिक त्रास असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. न पोचण्याची कारणं अनेक आहेत, डॉक्टर कमी, अंतर जास्त, पैसा कमी. त्यात आपण आपलं एक फुकटचं कारण घालतो, ओट्यावरचा तो विनोद. नाशिकला समुपदेशकाकडे निघालेलं जोडपं एसटीत ओळखीचं कुणी भेटलं तर "बागेचं औषध आणायला चाललोय" म्हणतं. त्या दोघांनी धीर गोळा करून चाळीसेक किलोमीटर जायचं ठरवलं, आणि आपल्या विनोदामुळे त्यांना चोरासारखं जावं लागतं.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. वणीच्या ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी, न चुकता, एक शिकलेला समुपदेशक बसलाच पाहिजे. मराठी बोलणारा, गावात कुणाचा पाहुणा नसलेला. खोलीला दार असावं आणि ते आतून बंद होणारं असावं. ती सोय होईपर्यंत १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा सरकारी क्रमांक आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, फुकट, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही. बैठक बोलावण्याआधी, वाटणीपत्र लिहिण्याआधी, पोरीला माहेरी आणून सोडण्याआधी तो लावून बघा. आणि ज्यांना अजूनही हे खूळ वाटतं त्यांनी खुशाल त्या खोलीबाहेरच्या रांगेत उभं राहू नये. फक्त रांगेत उभ्या असलेल्या माणसाला "काय रे, तू इथं कसा?" असं मोठ्याने विचारू नये.